किरकोळ अपघातानंतरचे दिवस : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सिग्नलला माझी गाडी उभी असताना मागून दुसरी गाडी येऊन धडकली. वेग फार नव्हता. त्या गाडीतून उतरलेल्या गृहस्थांनी लगेच चूक कबूल केली आणि "विमा, पोलीस या भानगडीत कशाला पडायचे, खर्च मी देतो, आपसातच मिटवू" असे सांगितले. बंपरवर एक ओरखडा तेवढा दिसत होता, म्हणून मीही होकार दिला, त्यांचा फोन नंबर घेतला आणि बंपरचा एक फोटो काढून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना आणि डिकीचे झाकणही नीट लागत नाही असे लक्षात आले. आता ते गृहस्थ "डिकी आधीपासूनच तशी असेल" असे म्हणतात. आज पाचवा दिवस आहे. जागेवर काहीच दुखत नव्हते, त्यामुळे मानेचे आता कोणाला सांगायलाही संकोच वाटतो. काय करावे?

उत्तर : डिकीचा विचार करण्याआधी आजच डॉक्टरांकडे जाऊन या. मागून धडक बसते तेव्हा आसन धडाला पुढे ढकलते, डोके मात्र क्षणभर मागेच राहते आणि मग झटक्याने पुढे येते. या हेलकाव्यात मानेचे स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात. त्या घटकेला शरीर इतके उत्तेजित असते की दुखणे जाणवत नाही, आणि काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी मान आखडते. तेव्हा तुमचा संकोच अनाठायी आहे. उशिरा दुखू लागणे हेच या दुखापतीचे नेहमीचे रूप आहे आणि कोणताही डॉक्टर ते ओळखतो. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, तरी दुखणे खोटे ठरत नाही, कारण स्नायूंचा ताण एक्स-रेत दिसत नसतो. बहुतेकांची मान काही आठवड्यांत सुधारते. त्यासाठी गळ्यात पट्टा बांधून दिवसेंदिवस पडून राहण्यापेक्षा, डॉक्टरांनी गंभीर इजा नसल्याची खात्री केल्यावर, सोसेल तेवढी हालचाल करत राहणे अधिक उपयोगी पडते. मात्र हाताला मुंग्या येणे किंवा बळ कमी वाटणे, वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा सीटबेल्टच्या पट्ट्याखाली पोटात दुखणे यांपैकी काहीही असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला मार लागला असल्यास आणि गर्भवती स्त्रियांनी धक्का कितीही हलका वाटला तरी लगेच तपासून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. डॉक्टरांना अपघाताची तारीख आणि धक्का कोणत्या बाजूने बसला हे आवर्जून सांगा, म्हणजे ते केसपेपरवर लिहिले जाईल. पुढे विम्यापुढे तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

आता गाडीविषयी. आपण ज्याला बंपर म्हणतो ते खरे तर प्लास्टिकचे आवरण असते आणि हलक्या धडकेत ते आत दबून पुन्हा आपल्या जागी येते. त्याच्या मागे धक्का शोषणारा फोमचा थर असतो, त्यामागे धातूची आडवी पट्टी, आणि ती पट्टी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. गॅरेजमध्ये आवरणाच्या खुंट्या काढून ते खाली उतरवले, की बाहेरून फक्त ओरखडा असलेल्या गाडीतही फोम दुभंगलेला आणि पट्टी मधोमध आत गेलेली आढळू शकते. डिकी लागत नसेल तर धक्का त्याही पलीकडे, सांगाड्यापर्यंत पोहोचला असण्याची शक्यता बरीच आहे. झाकण बंद करून दोन्ही बाजूंच्या फटी स्वतः पाहा. एका बाजूला बोट जाते आणि दुसऱ्या बाजूला नखही शिरत नाही, असे असेल तर पत्रा सरकला आहे. मागचे दिवे, कॅमेरा आणि पार्किंगचे सेन्सर नीट चालतात का तेही तपासा. "डिकी आधीपासूनच तशी होती" या म्हणण्याला खरे उत्तर मेकॅनिकच्या लेखी निरीक्षणातून मिळते. तेव्हा आवरण उतरवल्यावर आतले फोटो काढून घ्या, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू देऊ नका.

कंपनीला तुम्ही अजून कळवलेले नसेल, तर ते आज करा. अपघाताची सूचना लवकरात लवकर द्यावी अशी अट विम्याच्या करारात बहुधा असते. कळवणे आणि दावा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूचना देऊन ठेवावी आणि दुरुस्तीचा अंदाज हाती आल्यावर, आपल्याला सोसावा लागणारा वाटा आणि बुडणारा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) यांचा हिशेब मांडून, दावा करायचा की नाही ते ठरवावे. त्या गृहस्थांना फोन करत राहण्यापेक्षा तारीख, वेळ, ठिकाण, त्यांनी जागेवर दिलेले आश्वासन आणि आता आढळलेले नुकसान असा साधा, आरोप न करणारा संदेश लेखी पाठवा. ते काही रक्कम द्यायला तयार झाले, तर "यापुढे माझी कोणतीही मागणी नाही" अशा मजकुरावर मान पूर्ण बरी होईपर्यंत सही करू नका, कारण तशा सहीनंतर उद्भवलेला खर्च मागण्याचा मार्ग बहुतेक वेळा बंद होतो.

तुमचे चुकले का, असे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्राच्या सुरातून तो प्रश्न ऐकू येतो. समजूतदारपणे बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवणे ही चूक नव्हे. घाई मात्र झाली. रस्त्यावर उभे असताना नुकसान किती हे तुम्हालाही ठाऊक नव्हते आणि त्यांनाही नव्हते. त्यामुळे जे मिटवले ते नेमके काय, हे दोघांनाही माहीत नव्हते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. आधी कोणी जखमी नाही ना ते पाहावे, पार्किंगचे चारही दिवे लावावेत आणि मागून येणाऱ्या गाड्यांपासून माणसांना दूर करावे. मग शक्य असेल तर गाड्या हलवण्याआधी लांबून फोटो काढावा, ज्यात दोन्ही गाड्या, मार्गिका आणि सिग्नल दिसतील, आणि त्यानंतर जवळून. आपल्या गाडीच्या न लागलेल्या बाजूंचेही फोटो असावेत, तसेच समोरच्या गाडीचे चारही बाजूंनी. फोन नंबर घेतल्यावर तिथेच एकदा वाजवून पाहावा. नाव, गाडीचा क्रमांक, विमा कंपनी आणि पॉलिसी क्रमांक लिहून घ्यावा. थांबणे, वाहतुकीला धोका होऊ न देणे आणि विचारल्यास आपली ओळख देणे ही कर्तव्ये १९६८च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारातही घातलेली आहेत, तेव्हा ही माहिती मागण्यात अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही. पोलिसांना कधी कळवावे लागते याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, पण कोणाला इजा झाली असेल तर कळवावेच.

प्रश्न : वळणावर आमची गाडी दुसऱ्या गाडीला घासली. विमा कंपनीने लेखी हकीगत मागितली आहे. मी गाडी चालवत होतो आणि धाकटी बहीण शेजारी बसली होती. मला आठवते त्याप्रमाणे समोरची गाडी भरधाव होती, बहीण म्हणते की ती हळू होती. या मुद्द्यावरून घरात वादावादी झाली आहे. आम्ही दोघांनी एकच हकीगत ठरवून द्यावी का?

उत्तर : नाही, ठरवून देऊ नका. तुमच्यापैकी कोणी खोटे बोलत आहे असे मला वाटत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीच्या चित्रफिती दाखवल्या आणि नंतर गाड्यांचा वेग विचारला. फरक होता तो केवळ प्रश्नातल्या क्रियापदात. गाड्या एकमेकींना "लागल्या" अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला, तेव्हा सरासरी अंदाज ताशी ३१.८ मैल आला, आणि "आदळून चक्काचूर झाल्या" अशा अर्थाचा शब्द वापरला, तेव्हा ४०.५ मैल. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात, आठवड्यानंतर "फुटलेली काच पाहिली का?" असे विचारल्यावर, जोरकस शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी होकार दिला, साध्या "धडकल्या" अशा अर्थाचा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती.

घरी, कार्यालयात, फोनवर आपण अपघात जितक्या वेळा सांगतो, तितक्या वेळा त्याला सांगण्याचे शब्द चिकटत जातात, आणि काही दिवसांनी मूळ प्रसंग कोणता आणि सांगताना झालेला कोणता हे आपले आपल्यालाही उमगत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीच्या एका किरकोळ धडकेनंतर रस्ता कोरडा होता याबद्दल माझी पक्की खात्री होती; मीच काढलेल्या फोटोत चाकाखाली चकाकणारे ओले डांबर दिसले, तेव्हा मी बराच वेळ त्या फोटोकडे पाहत बसलो होतो.

म्हणून दोघांनी वेगवेगळे बसून, एकमेकांचे न वाचता, आठवते तेवढेच लिहावे. "भरधाव" हा शब्द वगळा, कारण तो निष्कर्ष आहे. गाडी प्रथम दिसली तेव्हा ती कुठे होती, तुम्ही कोणत्या मार्गिकेत होता, ब्रेक केव्हा दाबला, आवाज आधी आला की धक्का आधी जाणवला, एवढे सांगा. जिथे आठवत नाही तिथे "आठवत नाही" असे स्वच्छ लिहा. शेजारी एक साधा नकाशा काढून गाड्यांच्या दिशा बाणांनी दाखवा. दोन हकीगतींत वेगाबद्दल फरक राहिला तर राहू द्या. शब्दन् शब्द जुळणाऱ्या हकीगतींपेक्षा असा फरक वाचणाऱ्याला अधिक विश्वसनीय वाटू शकतो. गाडीत डॅशकॅम असेल तर त्यातील चित्रण लगेच वेगळे साठवून ठेवा, कारण ही यंत्रे जुन्यावर नवे चित्रण करत जातात.

प्रश्न : आमच्या गाडीला बाजूने हलका धक्का बसला. मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बसवलेली होती, पण बाळ त्या वेळी गाडीत नव्हते. खुर्चीला कुठेही तडा दिसत नाही. ती बदलावी लागेल का?

उत्तर : पहिला शब्द खुर्चीसोबतच्या पुस्तिकेचा. काही उत्पादक कोणत्याही अपघातानंतर खुर्ची बदलायला सांगतात आणि तसे लिहिले असेल तर प्रश्न तिथेच संपतो. अन्यथा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या कसोट्या वापरता येतात. गाडी अपघाताच्या जागेहून स्वतःच्या चाकांवर चालवत नेता आली, खुर्चीजवळचे दार शाबूत आहे, गाडीत कोणालाही इजा झाली नाही, एअरबॅग असतील तर त्या उघडल्या नाहीत आणि खुर्चीवर नुकसानीची खूण नाही, या पाचही गोष्टी खऱ्या असतील तरच अपघात किरकोळ मानून खुर्ची वापरावी. एक जरी चुकली तरी बदलावी. तुमच्या गाडीला धक्का बाजूने बसला आहे, त्यामुळे तो खुर्चीजवळच्या दाराला बसला होता का, हे तुमच्या बाबतीत निर्णायक आहे. खुर्चीचे कापड काढून, उजेडात, पट्टे ज्या खाचांतून जातात तिथले प्लास्टिक पाहा. ताणाने पांढरट पडलेली रेघही नुकसानीची खूण समजावी. खुर्ची बदलायची ठरली तर खर्च विम्याच्या दाव्यात मागून पाहा, आणि जुनी कोणाला देऊ नका. पट्टे कापून टाकूनच ती भंगारात द्या.

प्रश्न : माझी आई गेली वीस वर्षे गाडी चालवते. दीड महिन्यापूर्वी चौकात एका गाडीने तिच्या गाडीचा पुढचा कोपरा घासला. कोणालाही लागले नाही, गाडीही दुरुस्त होऊन आली. तेव्हापासून आई स्टिअरिंगवर बसलेली नाही. शेजारी बसली तरी चौक जवळ आला की दाराची मूठ घट्ट धरते. बाबा म्हणतात, "एवढ्याशा ओरखड्याचे काय घेऊन बसलीस?" तिला कसे समजवावे?

उत्तर : बाबांचा हेतू धीर देण्याचा असेल, पण ते वाक्य आजपासून घरात नको. भीतीचे माप पत्र्यावरच्या ओरखड्याने ठरत नाही. आईला त्या क्षणी किती वाईट घडू शकते हे दिसले, आणि शरीराने चौकाची खूणगाठ बांधून ठेवली. तिला समजवण्याआधी एकदा, मध्ये न बोलता, सगळे तिच्या तोंडून ऐकून घ्या, अर्थात तिला सांगावेसे वाटत असेल तर. सांगण्याची सक्ती करू नका.

मात्र गाडी टाळत राहिल्याने भीती मुरते. प्रत्येक वेळी टाळल्यावर सुटल्यासारखे वाटते आणि मन त्यातून एवढेच शिकते की टाळले म्हणून वाचलो. तेव्हा लहान पायऱ्या आखा आणि त्या आईलाच ठरवू द्या. पहिले काही दिवस बंद गाडीत नुसते बसणे, मग सकाळच्या शांत वेळी ओळखीच्या रस्त्यावर छोटा फेरा, मग गर्दी, आणि सर्वांत शेवटी तो चौक. एका पायरीवर छाती धडधडते आहे म्हणून लगेच उतरू नये. धडधड ओसरू लागेपर्यंत थांबावे, आणि तीच पायरी पुन्हा पुन्हा करून सवयीची झाली की पुढे जावे. शेजारी बसणाऱ्याने सूचना देऊ नयेत. तुमचे बाबा शेजारी बसून गप्प राहू शकत नसतील, तर तुम्ही बसा.

दीड महिना उलटला आहे, म्हणून आणखी एक विचारतो. तिला तो प्रसंग स्वप्नात दिसतो का, हॉर्नच्या आवाजाने ती दचकते का, झोप उडाली आहे का? असे असेल, किंवा या पायऱ्यांनी दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. अपघातानंतरच्या अशा त्रासावर बोधात्मक वर्तन उपचार पद्धती, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय हळूहळू बदलणारा संवादातून होणारा उपचार, परिणामकारक आहे आणि तिची सत्रे मोजकी असतात. घरात हे सांगताना मानेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांकडे जातो तितक्याच सहजपणे सांगा.

पहिल्या दिवशी आई बंद गाडीत बसेल, तेव्हा तिच्यासोबत हेडरेस्ट लावून घ्या. त्याची वरची कड डोक्याच्या टाळूच्या पातळीला यावी आणि डोक्यामागची पोकळी शक्य तितकी कमी राहावी. गाडी दुरुस्तीहून परत आली आहे, त्यामुळे सीट आणि आरसेही हलले असतील. ते तिच्या हाताने, तिच्या अंदाजाने पुन्हा बसवू द्या.