'समावेशित' की 'समावेशक'?

सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "सर, परदेशी निधीसाठी प्रस्ताव करतोय. इंग्रजी मसुद्यात 'डिसॅबिलिटी इन्क्लुझिव्ह डेव्हलपमेंट' असं आहे. मराठीत आमच्यातले काहीजण 'दिव्यांग समावेशित विकास' म्हणतात, काहीजण 'सर्वसमावेशक विकास' म्हणतात. शाळेच्या कागदांत 'समावेशित शिक्षण' असतं, त्यामुळं मला ते बरोबर वाटतं. तेवढं बघून सांगा की."

ताई, 'समावेशक' लिहा. 'समावेशित' नको आणि तुमच्या प्रस्तावापुरतं 'सर्वसमावेशक'ही नको.

आधी व्याकरण पाहू. शोषक आणि शोषित ही जोडी आपल्या तोंडात आहे. '-अक' लागला की करणारा, '-इत' लागला की ज्याच्यावर ती क्रिया झाली तो. अनुदानित शाळा म्हणजे जिला अनुदान मिळालं ती. त्याच चालीनं समावेशित म्हणजे ज्याचा समावेश केला गेला ते. मग 'समावेशित शिक्षण' म्हणताना समावेश कुणाचा झाला? शब्दाप्रमाणे शिक्षणाचाच! म्हणायचं असतं ते वेगळंच: मूल वर्गात समाविष्ट झालं आहे आणि शिक्षण त्याला सामावून घेतं आहे, म्हणजे शिक्षण समावेशक आहे. 'अपंग समावेशित शिक्षण योजना' असं योजनेचं नावच असेल तर ते तसंच ठेवावं, विशेषनामाला हात लावू नये. पण नवं वाक्य लिहिताना ती चूक पुढे नेण्याचं कारण नाही.

हा कीस मी काढतो आहे, कारण तुमच्या प्रस्तावामागे जो कायदा आहे तो नेमका याच फरकावर उभा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला आणि तो ३ मे २००८ पासून लागू झाला. भारतानं ३० मार्च २००७ रोजी, म्हणजे सह्यांसाठी तो खुला झाला त्याच दिवशी, सही केली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पुष्टी दिली. त्यातलं ३२ वं कलम आंतरराष्ट्रीय सहकार्याचं आहे. त्यात विकास कार्यक्रमांबद्दल जे म्हटलं आहे ते आपल्या मराठीत असं येईल: हे कार्यक्रम अपंग व्यक्तींना सामावून घेणारे आणि त्यांना वापरता येण्याजोगे असले पाहिजेत. वाक्याचा कर्ता बघा, कार्यक्रम आहे. सामावून घेण्याचं काम कार्यक्रमाचं, आणि तो तसा नसेल तर उणीव कार्यक्रमाची. 'समावेशित' लिहिलं की हा कर्ताच पुसला जातो. युरोपीय संघानं २०१० च्या अखेरीस संघ म्हणून या कराराला पुष्टी दिली. त्यामुळं नुसत्या सदस्य देशांवर नव्हे, संघाच्या स्वतःच्या कारभारावरही हे कलम येतं. युरोपीय निधीच्या अर्जात हा शब्द पुन्हा पुन्हा का विचारला जातो, ते यावरून कळेल.

मोहोळकडच्या एका गावातला हापसा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. देणगीतून बसवलेला, भोवती सिमेंटचा छान गोल ओटा, चिखल होऊ नये म्हणून चांगला वीतभर उंच केलेला. एक मावशी हातानं चालवायच्या तीनचाकी सायकलवरून येत. सायकल ओट्याला लागून थांबे, आणि दांडा तिथून हातभर लांब राही. शाळेत जायच्या आधी नात घागर भरून देई, ती नसली की मावशी कुणी येईपर्यंत थांबून राहत. लाभार्थ्यांच्या यादीत मावशींचं नाव होतं. म्हणजे त्या 'समाविष्ट' होत्याच. हापसा मात्र समावेशक नव्हता. ओट्याला एका बाजूनं उतार दिला असता तर दोन पाट्या सिमेंट जास्त लागलं असतं.

आता 'सर्वसमावेशक'. शब्द शुद्ध आहे, पण मराठीत तो बहुतेक वेळा 'सगळे मुद्दे घेणारा' या अर्थी रुळला आहे: सर्वसमावेशक अहवाल, सर्वसमावेशक आराखडा. शिवाय 'सर्व' म्हटलं की आपण त्यात आलोच, असं अपंगांच्या बाबतीत घडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या सहस्रक विकास उद्दिष्टांमध्ये दारिद्र्य होतं, शाळा होती, बाळंतपण होतं, अपंगांचा उल्लेख मात्र एकाही उद्दिष्टात नव्हता. २०१५ मध्ये ठरलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये शिक्षण, रोजगार, विषमता आणि शहरं या ठिकाणी तो नाव घेऊन आला. आकडेवारीतही आता नाव घेऊन नोंद होते. मदत देणाऱ्या श्रीमंत देशांची जी समिती आहे, तिनं २०१८ मध्ये प्रत्येक प्रकल्पासमोर ०, १ किंवा २ अशी खूण करण्याची पद्धत आणली. अपंगांचा समावेश हाच मुख्य उद्देश असेल तर २, महत्त्वाच्या उद्देशांपैकी एक असेल तर १, नसेल तर ०. ती ऐच्छिक आहे, तरी माझ्या मते फार मोलाची आहे, कारण शून्य लिहिण्यासाठीसुद्धा आधी विचार करावा लागतो. आणि २०२५ मध्ये बर्लिनला अपंगांच्या प्रश्नांवर झालेल्या जागतिक परिषदेतून जी घोषणा निघाली, तिच्यात देशपातळीवरच्या किमान १५ टक्के विकास कार्यक्रमांत हा उद्देश असावा असं म्हटलं आहे. म्हणून विशेषण नुसतं 'सर्व' नको, नाव घ्या.

प्रस्तावाच्या मथळ्यात तुम्ही 'परकीय मदत' लिहिलं आहे. करारातल्या ३२ व्या कलमाचा शब्द 'सहकार्य' आहे. त्याखाली चार गोष्टी येतात: कार्यक्रम समावेशक करणं, अनुभव आणि प्रशिक्षणाची देवाणघेवाण, संशोधनातली साथ, आणि शेवटी तांत्रिक व आर्थिक साहाय्य. पैसा चौथ्या जागी आहे. सोलापूरकराला हे अवघड जाऊ नये. १९३८ साली आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चार सहकाऱ्यांबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. त्यांनी तिथं जखमी सैनिकांवर उपचार केले, नवे डॉक्टर शिकवून तयार केले, स्वतः चिनी भाषा शिकले. याला मराठीत मदत म्हणून भागत नाही. (आणि हो, 'साहाय्य' लिहा. 'सहाय्य' सगळीकडे दिसतं, पण मूळ शब्द 'सहाय' असल्यामुळं भाववाचक नामात पहिला 'सा' दीर्घ हवा.)

तुमच्या मसुद्यात 'रीझनेबल अकॉमोडेशन'चं 'वाजवी निवासव्यवस्था' झालं आहे. ते तातडीनं बदला, इथं राहण्याचा काही संबंध नाही. अपंग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करून द्यायचा बदल, असा त्याचा अर्थ आहे. कुणी 'सवलत' सुचवेल. शब्द अरबी 'सहूलत'वरून आला, मुळात अर्थ सोपेपणा असाच होता, पण आज आपल्याकडे सवलत म्हणजे कुणीतरी मेहरबानीनं दिलेली सूट, एसटीच्या तिकिटातली असते तशी. करार म्हणतो की अशी व्यवस्था नाकारणं हा भेदभाव आहे. आपला अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही तेच म्हणतो. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, 'सोय'. पाहुण्याची सोय, बाळंतिणीची सोय, मागावर बसणाऱ्याच्या पाठीला आधाराची सोय. ज्याची गरज जशी, तशी त्याच्यापुरती केलेली ती सोय. 'वाजवी सोय' लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

'ॲक्सेसिबल'ला 'सुगम्य' हा शब्द सरकारी अभियानामुळं आता ओळखीचा झाला आहे, तो चालेल. वस्तीत वाचून दाखवायच्या कागदावर मात्र 'जाता येईल, वाचता येईल, वापरता येईल' असं सरळ लिहिलेलं बरं. तुमच्या वस्तीत निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, त्यांनाही तेच सोपं जाईल.

अपंग की दिव्यांग, हे तुम्ही विचारलं नाही, पण ओघानं येणारच. सरकारी कागदावर 'दिव्यांग' ठेवा, विभागाचं नावच ते आहे. मला स्वतःला 'दिव्य' खटकतं आणि चळवळीतल्या अनेकांनाही ते मान्य नाही. वस्तीतल्या ज्यांच्याबद्दल लिहिता आहात त्यांनाच विचारा आणि आतल्या मजकुरात ते सांगतील ते लिहा.

तुमचं पहिलं वाक्य मी असं करून पाठवतो: "वस्तीतली पाण्याची, आरोग्याची आणि बचत गटाची सर्व कामं दिव्यांग-समावेशक असतील. ती आखताना दिव्यांग रहिवासी बैठकीत असतील, आणि ज्याला जी वाजवी सोय लागेल तिचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला आहे." शेवटचा भाग खरा करण्यासाठी अंदाजपत्रकात एक ओळ वाढवावी लागेल, ती मला दिसली नाही.