प्रिंटर पोर्ट सापडत नाही? आधी बायोस उघड

अरे, पॅरलल पोर्टवरचा (जुन्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टवरचा) प्रिंटर चालत नाही म्हणून लगेच लिनक्स पुन्हा टाकायला बसू नकोस. डीमेसेज ही कमांड कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवते; त्यात 'पारपोर्ट०' (पहिला पॅरलल पोर्ट) ही ओळ दिसते का ते बघ. ती नसेल, तर प्रिंटरचा ड्रायव्हर बदलून काही उपयोग नाही. कर्नलला अजून पोर्टच दिसलेला नाही.

आता बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडता येणारी हार्डवेअरची सेटिंग. पॅरलल पोर्ट तिथे 'डिसेबल्ड' असू शकतो. माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात दर सोमवारी पोर्ट गायब व्हायचा. दोन दिवस मोड्यूलशी (कर्नलला जोडायच्या ड्रायव्हरच्या तुकड्यांशी) झटापट केली, मग घड्याळाकडे लक्ष गेलं: तारीखही मागे गेलेली! मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, शनिवार-रविवार प्लग काढून ठेवला की सगळी सेटिंग पुसली जायची. सेल बदलला, काम झालं. बायोसमध्ये पोर्टचा पत्ता हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या अंकपद्धतीत) ३७८, आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी इशाऱ्याची लाइन) ७ ठेव. जुनं साउंड कार्ड असेल तर तेही ७च धरून बसलेलं असू शकतं, तेवढं तपास. ईसीपी या वेगवान पोर्ट मोडने त्रास दिला तर साधा, जुना एसपीपी मोड लाव. सावकाश छापेल, पण छापेल.

मग रूट (सर्वाधिकार असलेला यूजर) होऊन मॉडप्रोब या मोड्यूल चढवायच्या कमांडने आधी पोर्टचं 'पारपोर्ट_पीसी', नंतर प्रिंटरचं 'एलपी' चढव. डेव्ह या उपकरणांच्या फोल्डरमध्ये 'एलपी०' आलं की एक छोटी टेक्स्ट फाइल कॅट कमांडने थेट तिकडे ढकल. डॉट मॅट्रिक्सवर ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत गेल्या तर घाबरू नकोस, पोर्ट ठीक आहे. फक्त प्रत्येक ओळीअखेर कॅरेज रिटर्न (छपाईचं डोकं ओळीच्या सुरुवातीला नेणारी खूण) हवा.

आणि हो, ही २५ पिनांची केबल म्हणजे यूएसबी नव्हे. दोन्ही यंत्रं बंद करूनच लाव.