बाळ 11 महिन्यांचं आहे, बसत नाही. थेरपी आत्ताच सुरू करावी की थोडी वाट पाहावी?

ताई, वाट पाहू नका.

तुम्ही लिहिलंय की बाळ सातव्या महिन्यात झालं, धरल्याशिवाय बसत नाही, उचललं की पाय कडक करतं, आणि सासूबाई म्हणतात, "आमचा पोरगाही उशिराच बसला होता." अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात, म्हणजे तुमचं बाळ नऊ महिन्यांच्या आसपासचं धरा. नुसतं न बसणं एक वेळ चाललं असतं. पाय कडक होणं मात्र लगेच दाखवायची गोष्ट आहे.

माझी मुलगीही अशीच लवकर झालेली. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. थेरपीनं मेंदूची इजा भरून येत नाही, हे आधीच सांगते. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू झपाट्यानं वाढत असतो, नवी कामं पटकन शिकतो. स्नायू आखडण्याआधी, खुबे सरकण्याआधी हात लावला तर पुष्कळ काही वाचतं. त्यासाठी आजाराचं नाव कळेपर्यंत थांबावं लागत नाही.

आमच्या घरात सगळ्यात मोठा फरक पडला तो जेवणात. मी तिला मांडीवर आडवी घेऊन वरणभात भरवायची. तिची मान मागे जायची, ठसका लागायचा, दोघी रडकुंडीला यायचो. थेरपिस्टनं तिला उशांच्या आधारानं कोपऱ्यात बसवलं, कंबर आणि गुडघे वाकवले, तळपायांखाली पाट दिला आणि चमचा वरून न आणता समोरून, हनुवटीच्या उंचीवर आणायला सांगितला. हनुवटी किंचित खाली राहिली आणि पोरीनं घास गिळला. कडेवर घेणंही थेरपीच आहे, हे तिथेच कळलं: पाय फाकलेले राहतात, कात्रीसारखे एकमेकांवर चढत नाहीत. सेंटरवर आठवड्यातला तासभर जातो. बाकी सगळा वेळ बाळ आपल्याच हातात असतं, म्हणून ते आधी आपल्याला शिकवतात.

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत, नाहीतर मिहानच्या एम्समध्ये, बालरोग विभागात दाखवा. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशीही करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (2013 पासून सुरू) पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेही तिथे पाठवतं. फिजिओ, वाचा-श्रवण, मानसशास्त्रज्ञ असे सगळे एका छताखाली, तेही मोफत. दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं सीआरसी (पुनर्वसन केंद्र) ही नागपुरात आहे. कान आणि डोळे आधी तपासून घ्या; लवकर झालेल्या बाळात ते राहून गेलेलं परवडत नाही. पुढे सेरेब्रल पाल्सीचं प्रमाणपत्र मिळालंच तर निरामय हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा काढा. त्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही.

पहिल्या भेटीला सासूबाईंना सोबत न्या. तेल-मालिश त्याच करत असतील. हातपाय जोरात ओढू नयेत, कसे हलवावेत, हे त्यांनी थेरपिस्टकडूनच पाहिलेलं बरं. माझ्या सासूबाई हे सगळं माझ्यापेक्षा छान करू लागल्या, आणि मला दुपारची झोप मिळाली. त्या झोपेचं मोल तुम्हाला कळेल.

जाताना नवजात कक्षाचं डिस्चार्ज कार्ड न्या, आणि बाळ पाय कडक करतं तेव्हाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये काढून ठेवा. ओपीडीत नंबर येईपर्यंत बाळं हमखास झोपून जातात.