‘लाईट ओपन कर’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला काय सांगायचं?

प्रश्न: मी ऑनलाईन इंग्लिश शिकवते, सध्या चीनमधले चार-पाच मोठ्या वयाचे विद्यार्थी आहेत. त्यातला एक जण रोज ‘आय ओपन द लाईट’ म्हणतो, टीव्ही पण ओपनच करतो. दहादा सांगितलं की टर्न ऑन म्हण, वहीत लिहून घेतो आणि बोलताना परत तेच! ओपन इतका साधा शब्द, अडतंय कुठे?

उत्तर: ताई, त्याचं लक्ष नाही असं अजिबात समजू नका, तो आपल्या भाषेशी प्रामाणिक राहून बोलतोय. चिनीमध्ये ‘खाइ’ असं एक क्रियापद आहे आणि ते एकटं केवढं काम करतं बघा, दार उघडणं खाइ, दिवा लावणं खाइ, गाडी चालवणं खाइ, मीटिंग घेणं खाइ, फूल उमलणं खाइ, डॉक्टरनं औषध लिहून देणं ते पण खाइच. मूळ दारातलंच आहे, जुनं अक्षर म्हणजे दाराची दोन कवाडं, मधे अडसर आणि तो काढणारे दोन हात. १९५६ च्या योजनेत चीनमध्ये अक्षरं सोपी केली तेव्हा यातलं दार गेलं, तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजून दारासकट लिहितात. आता डिक्शनरीत खाइ समोर पहिला अर्थ ओपन, मग लाईट पण ओपन होणारच ना.

आपलंच बघा की, ‘दिवा लाव’ म्हटलं की दिवा सुरू होतो आणि ‘दार लाव’ म्हटलं की दार बंद होतं, शब्द तोच! मराठी शिकणाऱ्याला हे किती अवघड जात असेल.

म्हणून मला वाटतं क्रियापदापासून सुरुवात करूच नका, वस्तूपासून करा. जिचं झाकण, दार, पान, पापणी बाजूला होऊन आतलं दिसतं ती ओपन, जी बटणानं सुरू होते ती टर्न ऑन. यासाठी लॅपटॉपसारखी वस्तू नाही, त्याला कॅमेऱ्यासमोर नुसतं झाकण उघडायला लावा, हे ‘ओपन द लॅपटॉप’, स्क्रीन अजून काळीच आहे, मग बटण दाबायला लावा, हे ‘टर्न ऑन’. दोन कृती, दोन शब्द, हाताला कळलं की जिभेला कळतं. फोन टर्न ऑन पण त्यातलं ॲप ओपन, हेही तिथेच होऊन जाईल. गाडीला ड्राइव्ह, मीटिंगला हॅव, एवढं सांगून पुढे जा. बँकेत खातं मात्र दोन्ही भाषांत ओपनच करतात, तेही सांगा, त्याला बरं वाटेल.

खरी गोची पुढे आहे आणि ती शिकवणाऱ्यांच्या पण लक्षात येत नाही. दुकान उघडं आहे म्हणजे ‘द शॉप इज ओपन’, तिथे ओपन्ड नाही. पण बंद आहे म्हणजे ‘क्लोज्ड’, तिथे नुसतं क्लोज चालत नाही! जोडी सरळ नाहीच. माझी एक विद्यार्थिनी एकदा म्हणाली ‘द बँक इज क्लोज’, मला वाटलं बँक जवळ आहे, मी म्हटलं मग जाऊन या, ती बिचारी गोंधळून बघत राहिली. कारण तिनं शेवटी स म्हटला होता, आणि जवळ या अर्थाच्या क्लोजचा शेवट स नं होतो आणि बंद करण्याच्या क्लोजचा ‘जहाज’मधल्या ज च्या जवळच्या आवाजानं. त्यात प्रमाण चिनीत (मँडरिनमध्ये) अक्षराच्या उच्चाराचा शेवट एक तर स्वरानं नाहीतर न, ङ सारख्या अनुनासिकानं होतो (बीजिंगकडे र पण लागतो), त्यामुळे क्लोज्ड मधला शेवटचा ड त्यांच्या तोंडून गळतोच, व्याकरण माहीत असलं तरी. तो ड त्यांना पुढच्या शब्दाला चिकटवून म्हणायला शिकवा, ‘क्लोज्ड-ऑन-संडे’ असं एका दमात, तिथे पुढे स्वर असल्यामुळे ड आपोआप येतो.

लॅपटॉपचा तास आधी घ्या आणि क्लोज्डचा दुसऱ्या दिवशी, एकाच दिवशी दोन्ही नको. आणि त्यानं परत लाईट ओपन केला तर लगेच टोकू नका, नुसतं विचारा, लाईटला झाकण आहे का?