समुद्राचा अभ्यास आणि तोही पुण्यातून?

पत्र : मुलगी बारावी सायन्सला आहे. गणित, फिजिक्स उत्तम. इंजिनिअरिंग नको, समुद्रविज्ञानच शिकायचं म्हणते. पुण्यात समुद्र नाही, तिला पोहताही येत नाही. कसं समजवावं?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : सप्रेम नमस्कार. तिला परावृत्त करू नका, असंच मी म्हणेन. समुद्र म्हटलं की आपल्याला बोट आणि पाणबुडे आठवतात, पण या क्षेत्राला आज सर्वांत जास्त गरज आहे ती गणित पक्कं असलेल्या मुलांची.

जगभरच्या समुद्रांत 'आर्गो' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे सुमारे ४००० फ्लोट, म्हणजे आपोआप खाली-वर होणारी मापनयंत्रं, सोडलेले आहेत. ते १००० मीटर खोलीवर वाहत राहतात, साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून आकडे उपग्रहाकडे पाठवतात. काही नव्या फ्लोटवर ऑक्सिजन आणि आम्लता मोजणारे सेन्सरही असतात. भारतात हे काम हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था पाहते. या आकड्यांचा अर्थ लावणारी माणसं तुमच्या घराजवळ, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतही आहेत. हिंदी महासागर किती तापतोय, त्याचा मान्सूनवर काय परिणाम होतो, हा तिथला मोठा विषय. मे २०२१ मध्ये कोकणाला झोडपणाऱ्या तौक्ते वादळाला बळ मिळालं ते अरबी समुद्राच्या तापलेल्या पाण्यातून. हे काम किती निकडीचं आहे, ते यावरून लक्षात येईल.

बीएस्सीलाच 'मरीन' नावाचा कोर्स शोधत फिरू नका. पुण्यातच फिजिक्स किंवा गणित घेऊन पदवी करू द्या, सोबत पायथॉन ही संगणकाची भाषा शिकू द्या. पुढे पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्र किंवा गोवा विद्यापीठात सागरविज्ञान घेता येईल. ओढा मासे आणि प्रवाळांकडे असेल तर मात्र वाट जीवशास्त्राची. हे तिला आत्ताच विचारा.

एक गोष्ट तिच्यापासून लपवू नका. कायमच्या जागा कमी आहेत, बरीच कामं प्रकल्पापुरती असतात आणि संशोधनात टिकायचं तर पीएचडी जवळपास अटळ आहे. पगार स्थिरावायला तिच्या इंजिनिअर मैत्रिणींपेक्षा जास्त वर्षं लागतील. तेवढा काळ घर तिच्या पाठीशी उभं राहील का, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं आहे. पोहण्याची काळजी सोडा.

आर्गोची माहिती सर्वांना मोफत उपलब्ध आहे. परीक्षा झाली की अरबी समुद्रातल्या एका फ्लोटचे आकडे तिला उतरवून घेऊ द्या आणि खोलीनुसार तापमानाचा आलेख काढायला सांगा. त्यात ती रमली की कंटाळली, ते मला नक्की कळवा.