पावसाळ्याआधी चौथं कर्ज काढू पाहणाऱ्या ताईंसाठी

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागेना, म्हणून आज सवडीने लिहितेय. यजमान दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, तुम्ही सुकी मासळी विकता. बायकांच्या गटाला बिनतारण छोटी कर्जं देणाऱ्या तीन कंपन्यांचे हप्ते मिळून महिन्याला 9,400 रुपये जातात, मंगळसूत्र पतसंस्थेत तारण आहे आणि 1 जूनपासून बोटी किनाऱ्याला लागणार. अशात चौथी कंपनी 80,000 द्यायला तयार आहे, तर त्यातून तिन्ही मिटवून एकच हप्ता करावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: करू नका. निदान तिन्ही कर्जांचे उतारे हातात येईपर्यंत तरी कुठेही सही करू नका.

आधीच सांगते, मी वकील नाही आणि बँकेतही नाही. दापोली तालुक्यात राहते, आमच्या बचत गटाच्या वह्या लिहिते, आणि तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथे आमचं घर काही वर्षं अडकलं होतं. नियम बदलत असतात, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका, खात्री करून घ्या.

जमाखर्च लिहा, काटकसर करा, गणपतीत हात आखडता घ्या हे मी सांगणार नाही. तुम्हाला तसं सांगणाऱ्यांनी खलाशाच्या घरचं जुलै महिन्यातलं ताट पाहिलेलं नाही. तिथे काटकसर शिकवावी लागत नाही. अडचण दुसरीच आहे. आपल्याकडे पैसा ऑगस्ट ते मे येतो, तोही सारखा नाही. नारळी पौर्णिमेनंतर चार महिने बरे जातात, मग थंडीत मासळीवर आणि वाऱ्यावर. आंबा-काजूची मजुरी मिळाली तर उन्हाळा निघतो. हप्ता मात्र दर आठवड्याला, दर पंधरवड्याला, बाराही महिने ठरल्या वारी. जून-जुलैच्या बंदीत घरात रुपया येत नाही तेव्हाही हप्ते गोळा करायची गटाची मीटिंग असतेच. तो खड्डा बुजवायला दरवर्षी नवं कर्ज निघतं, आणि आपल्याला वाटतं आपलाच हिशेब चुकतोय.

आमचं काय झालं ते लिहिते, कारण तुमच्या पोस्टमधलं "साहेब म्हणाले जुनं सगळं आम्हीच बंद करू" हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलेलं आहे. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना आधी मेअखेर आणि मग 31 ऑगस्टपर्यंत सवलत दिली. त्यातच 3 जूनला निसर्ग वादळ आलं, आमचं अर्धं छप्पर आणि मागची माडं गेली. ज्या कंपनीचं कर्ज होतं (नाव लिहीत नाही) तिच्या शाखेतून फोन आला, "हप्ते थांबलेत, काळजी करू नका." थांबलेल्या महिन्यांचं व्याज चालूच राहतं, हे कुणी सांगितलं नाही. सवलत संपली आणि तोच माणूस नवा प्रस्ताव घेऊन आला: 40,000 चं नवं कर्ज, जुनं त्यातच बंद. जुन्याचे नक्की किती राहिलेत, व्याज किती धरलंय, याचा कागद मागितला तर म्हणाला, "सिस्टीममध्ये आहे, तुम्हाला त्याचं काय करायचंय?"

जुनी बाकी, प्रक्रिया शुल्क आणि कुणी न मागितलेला विमा कापून हातात आले 20,000 च्याही आत. त्यातले पत्र्यांना गेले. वहीवर मात्र 40,000 लागले आणि दोन वर्षांचे हप्ते नव्याने सुरू झाले. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा तोच माणूस आणि पुन्हा तोच प्रस्ताव. आम्ही हप्ते भरत होतो आणि मुद्दल वाढत होती.

सगळ्यात जास्त नुकसान केलं ते त्या शाखेने. व्याजापेक्षा जास्त. उताऱ्यासाठी किती चकरा झाल्या त्याचा हिशेब ठेवलेला नाही. जायला एसटी, यायला एसटी, आणि त्या दिवसाचा बाजार बुडालेला. कधी साहेब फिल्डवर, कधी सर्व्हर बंद, कधी "हेड ऑफिसला मेल टाकलाय". शेवटचा हप्ता भरल्यावर बेबाकीचा दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद, मागितला तर "मेसेज येईल" म्हणाले. आला नाही. पुढे घरदुरुस्तीसाठी एका बँकेत गेलो तेव्हा कळलं की सिबिलमध्ये, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतं याच्या नोंदीत, ते जुनं, "आम्हीच बंद करू" म्हटलेलं कर्ज थकीत दिसतंय. स्वस्त कर्ज मिळण्याची वेळ आली तेव्हाच दार बंद झालं, आणि तेही न दिलेल्या एका कागदापायी. मला आजही त्या काउंटरचा संताप येतो. शिकलेली माणसं होती, एक बटण दाबून कागद छापायचा होता.

सुटका झाली ती लेखी तक्रारीने. तोंडी बोललेलं तिथे कुणी ऐकत नाही. साध्या कागदावर कर्ज खाते क्रमांक घालून अर्ज लिहिला: खात्याचा पूर्ण उतारा द्या, बेबाकी दाखला द्या, सिबिलमधली नोंद दुरुस्त करा. दोन प्रती नेल्या, एकीवर पोच मागितली. पोच देत नाहीत म्हणून मग पोस्टाने रजिस्टर केलं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे आमच्या बचत गटाला मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी ताईंनी सांगितलं होतं. 2021 पासून बँका आणि मोठ्या वित्त कंपन्यांसाठी एकच लोकपाल योजना आहे. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते, आणि इंटरनेट जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्राला पत्रही चालतं. माहितीसाठी 14448 हा फोन आहे. आम्ही तक्रार केली आणि जो कागद इतके महिने निघत नव्हता तो घरपोच आला. सिबिलची दुरुस्तीही मग झाली. आता तर नियमच आहे की तक्रार केल्यापासून 30 दिवसांत नोंद दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणून सांगते, फोनवर भांडू नका, अर्ज लिहा.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे जी तेव्हा आमच्याकडे नव्हती. एप्रिल 2022 पासून सूक्ष्म कर्जाचे नवे नियम लागू झाले. घराची वर्षाची मिळकत 3 लाखांपर्यंत असेल तर बिनतारण दिलेलं कर्ज त्यात येतं. त्यातला मोठा नियम असा, की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मिळकतही एका चांगल्या महिन्यावरून धरायची नाही, निदान वर्षभराची बघायची. तुमचाच हिशेब मांडते. समजा तुमच्या घरात चालू महिन्यांत 15,000 येतात आणि असे महिने 10. वर्षाचे झाले 1,50,000, बारा महिन्यांवर वाटले तर 12,500. निम्मे 6,250. तुमचे हप्ते 9,400. मग तुम्हाला तिसरं कर्ज मिळालंच कसं? बहुतेक तुमच्या फॉर्मवर मिळकत फुगवून लिहिली असेल. आमच्या वाडीत एका बाईंच्या फॉर्मवर किराणा दुकान लिहिलेलं निघालं, दुकान नसताना. फॉर्मची प्रत मागा. खोटा आकडा निघाला तर तक्रारीत तोच सगळ्यात जड मुद्दा.

आता 80,000 बद्दल. ते देणारा तिन्ही कंपन्यांना स्वतः पैसे पाठवणार आहे, की तुमच्या हातात देऊन "तुम्ही भरा" म्हणणार आहे? हातात आले तर पावसाळ्यात त्यातले किती उरतील, तुम्हीच सांगा. मुदत किती? मुदत लांबवून हप्ता हलका दिसतो आणि एकूण भरणा वाढतो. व्याज "बारा टक्के" म्हणाले असतील तर फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) की घटत्या शिल्लकीवर (जेवढं फेडायचं राहिलंय तेवढ्यावरच), ते विचारा. 40,000 एका वर्षासाठी 12 टक्के फ्लॅटने घेतले तर महिन्याला 3,733 पडतात, म्हणजे घटत्या शिल्लकीवर जवळपास साडेएकवीस टक्के. नियमाप्रमाणे सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेलं पत्रक आणि तुम्हाला कळणाऱ्या भाषेतलं कर्जकार्ड द्यावंच लागतं. नाही दिलं तर तिथूनच माघारी फिरा. विमा घ्यायची सक्ती नाही. तुमच्या बँक खात्यावर वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत 2 लाखांचा जीवन विमा मिळतो, यजमानांचा तो आधी उतरवा. मच्छीमार सोसायटीचे सभासद असतील तर शासनाच्या गट अपघात विम्यात नाव आहे का, तेही बघा, त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही.

मग पावसाळा कसा काढायचा? मी काय करेन ते सांगते, सगळ्यांना पटेलच असं नाही. आज मे नाही आलेला, तोवर तिन्ही शाखांना लेखी अर्ज द्या: बंदीच्या दोन महिन्यांत मिळकत नसते, हप्ता कमी करा किंवा मुदत फिरवून द्या. नाही म्हणतील. पण अर्जाची पोच तुमच्याकडे राहील. दुसरं, लवकर भरल्याचा दंड लावता येत नाही, त्यामुळे हंगामात चार पैसे आले की त्यातून सगळ्यात छोटं कर्ज पूर्ण संपवा, तिन्हींत थोडे थोडे टाकू नका. हप्त्याचा एक वार कमी झाला की घरातल्या बाईला श्वास घेता येतो. आगाऊ भरलेला प्रत्येक रुपया कर्जकार्डावर तिथेच चढवून घ्या, नाहीतर तो कुठे गेला ते कळत नाही.

त्याच्याही आधी आगोटचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरा. तांदूळ, डाळ, तेल, मीठ-मिरची, लाकूडफाटा. हप्ता चुकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर लागतो, सगळ्या कर्जावर नाही. पोरांच्या तोंडचा तांदूळ विकून हप्ता भरू नका, मीटिंगमध्ये बायका काहीही बोलोत. बोलतील, कारण त्यांच्यावरही दाब असतो, त्यांचा राग धरू नका. वसुलीवाला मात्र सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करू शकत नाही, नातेवाइकांना त्रास देऊ शकत नाही, आणि ठरलेल्या जागी तुम्ही सलग दोनदा आला नाहीत तरच घरी येऊ शकतो. कुणी दारात बसून राहिलं तर वेळ, तारीख लिहून ठेवा.

मंगळसूत्राचं वेगळं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, तिथे लोकपाल चालत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकार खात्यात. मुदत कधी संपते ते आजच पावतीवर बघा. सगळं व्याज शेवटी भरायचं असेल तर ते गुपचूप वाढत असतं, म्हणून जमेल तसं व्याज तरी भरत राहा. मला विचाराल तर गटाच्या तिसऱ्या कर्जाआधी सोनं सोडवण्याला मान आहे. उद्या खरोखर दवाखान्याची वेळ आली तर तेवढंच हाताशी असतं.

बोटीच्या मालकाकडची उचल (आगाऊ पैसे) घ्यावी की नाही यावर आमच्याकडे भांडणं होतात. बिनव्याजी असते म्हणून लोक ती आधी घेतात. मी विरोधात आहे. उचल अंगावर असली की वाटा ठरवताना तोंड उघडता येत नाही आणि दुसऱ्या बोटीवर जाता येत नाही. अगदी नाइलाज असेल तर आगोटपुरतीच घ्या आणि आकडा दोघांच्या वहीत लिहून घ्या. कुणी किसान क्रेडिट कार्ड सुचवेल. मच्छीमारांना ते 2018-19 पासून मिळतं आणि वेळेवर फेडलं तर व्याज 4 टक्क्यांपर्यंत खाली येतं, पण समुद्रातल्या मासेमारीसाठी नोंदणी झालेली बोट मालकीची किंवा भाड्याची लागते, परवाना लागतो. नुसत्या खलाशाला बँक उभं करत नाही. त्यापेक्षा तुमच्या गावात उमेदचा किंवा माविमचा (दोन्ही शासनाचे उपक्रम) बचत गट असेल तर त्यात या. कंपनीच्या गटात आपली बचत काहीच नसते, फक्त एकमेकींची जबाबदारी असते. इथे अंतर्गत कर्जाचं व्याज आपल्याच पेटीत पडतं, आणि आमच्या गटाने तर जून-जुलैत फक्त व्याज घ्यायचं असा ठराव केलाय. कंपनीला जे जमत नाही ते दहा बायकांना जमलं.

अजून दोन गोष्टी. लाडकी बहीणचे 1,500 ज्या खात्यात येतात त्याच खात्यातून हप्ता आपोआप कापला जात असेल तर खाती वेगळी करा. शिल्लक नसताना कापायला गेले की बँकही दंड लावते आणि कंपनीही. आणि "गटाची कर्जं माफ होणार, 500 भरून फॉर्म द्या" म्हणत कुणी गावात फिरत असेल तर एक पैसाही देऊ नका. अशा जाहिरातींपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेने 2023 मध्येच सांगितलंय.

तिन्ही उतारे मिळाले की प्रत्येकाची शिल्लक मुद्दल, दर आणि राहिलेले हप्ते एवढंच इथे टाका. खाते क्रमांक, कंपनीचं नाव, शाखा काही लिहू नका. कोणतं आधी संपवायचं त्याचा हिशेब मी मांडून देईन. अर्जाचा मजकूर हवा असेल तर तसं लिहा, मी आमचा पाठवते.