इंग्लंडमध्ये पटकथालेखनाच्या कार्यशाळा घेत फिरायचं असेल तर काय माहीत असावं?

तुम्ही विचारलंय की भारतातल्या लेखकाला इंग्लंडात गावोगाव कार्यशाळा घेत फिरणं परवडतं का, आणि तिथल्या लोकांना शिकवताना काय वेगळं करावं लागतं. पहिल्याचं उत्तर लगेच देते: पैसे मिळवायला म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. मी साडेतीन आठवड्यांत लीड्स, ब्रॅडफर्ड, नॉरिच आणि होव्ह अशी चार गावं केली. परत आल्यावर हिशेब मांडला, तर विमानाचं तिकीट बाजूला ठेवून जेमतेम तोंडमिळवणी झाली होती. तीही लंडनजवळच्या रीडिंग गावात भाची राहते म्हणून.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र बोलण्यासारखं बरंच आहे.

मी ठाण्याची, वीसेक वर्षं मराठी मालिका लिहितेय. आपल्याकडे मालिकेच्या श्रेयनामावलीत कथाविस्तार, पटकथा आणि संवाद अशी वेगवेगळी नावं येतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मी बहुतेक पटकथाच केली. म्हणजे सीनमध्ये कोण येतं, काय घडतं, कुठे तोडायचं ते माझं काम. माणसं तोंडाने काय बोलतात ते रात्री दुसरा कुणीतरी लिहिणार. लीड्सला पहिल्या सकाळी ओळख करून देताना हे सहज सांगून गेले, तर सगळे असे बघायला लागले जणू आमच्याकडे भाजी एका घरात शिजते आणि मीठ शेजारच्या बिल्डिंगमधून येतं. तिकडे ज्याचा एपिसोड त्याचेच संवाद, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. निवृत्त नर्स असलेल्या एक बाई म्हणाल्या, “मग तुम्ही नेमकं लिहिता तरी काय?”

घरून आखून नेलेली तीन अंकांची रचना वगैरे त्या दिवशी पिशवीतच राहिली.

माझा एक जुना स्वाध्याय आहे. स्वयंपाकघर, दोन माणसं, त्यातलं एक उसने पैसे मागायला आलंय. ‘पैसे’ हा शब्द वापरायचा नाही. ठाण्यात हा दिला की तिसऱ्या-चौथ्या ओळीला कुणीतरी फुटतंच: “माझी अडचण तुला कधी कळलीच नाही!” आणि मग चार पिढ्यांचा हिशेब निघतो. लीड्सच्या पानांवर हवामानाच्या गप्पा होत्या, कुत्रा होता, शेजाऱ्याने घातलेलं नवं कुंपण होतं. वाचायला फार सुरेख. पण वाचून झाल्यावर मी विचारायची, “मग याने मागितले का?” तर लिहिणाऱ्यालाच सांगता येईना.

मनातलं ओठांवर येऊ न देणं हे लेखकाला शिकवावं लागतं, असं पुस्तकं सांगतात. या लोकांना ते घरातूनच मिळालेलं असतं. त्यांना शिकवायचं ते उलटं: आत काहीतरी घडू द्या. मग माझ्या धंद्यातली ती तुकड्या-तुकड्यांची पद्धत कामाला आली. म्हटलं, संवाद दुसराच कुणीतरी लिहिणार आहे असं समजा. तुम्ही फक्त कोण काय करतं ते लिहा, आणि पान शेजारच्याला द्या. संवाद त्याने घालायचे.

त्याच नर्सबाईंचं पान अजून डोळ्यासमोर आहे. मुलगा आईकडे येतो, किटली लावतो. कप घ्यायला कपाट उघडतो, तर कपांच्या मागे न फोडलेल्या बिलांचे लिफाफे खोचलेले. तो कप घेतो, कपाट बंद करतो. वळून पाहतो तोवर आईने टेबलावरची पर्स उचलून मांडीवर घेतलेली असते. बस, एवढंच. शेजारच्या पोराने त्यावर अकरा वाक्यं लिहिली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यातली दहा कापली. उरलं ते मुलाचं वाक्य: “दूध संपलंय.”

लीड्सला जाणार असाल तर लुई ले प्रिन्सचं नाव माहीत असू द्या. या फ्रेंच माणसाने ऑक्टोबर १८८८ मध्ये तिथल्या राउंडहे भागातल्या एका बागेत चार माणसांना चालता-फिरताना टिपलं. जेमतेम दोन सेकंदांची ती फीत आज टिकून असलेलं सर्वांत जुनं चलचित्र मानली जाते. पुढे १६ सप्टेंबर १८९० ला भावाचा निरोप घेऊन दिजाँहून पॅरिसच्या गाडीत बसला तो कुणाला पुन्हा दिसलाच नाही. लीड्सकरांना ही गोष्ट पाठ असते, आणि लिहायला सांगितलं की ते लगेच खुनी शोधायला लागतात. मी सांगितलं, गाडीच्या डब्यात शिरायचंच नाही. गाडी सुटल्यानंतर भाऊ फलाटावर काय करतो, तेवढाच सीन लिहा.

ब्रॅडफर्ड तिथून ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटांवर. त्या गावाला दोन स्टेशनं आहेत, फॉर्स्टर स्क्वेअर आणि इंटरचेंज. दोन्हीकडे रूळ संपतात आणि ती एकमेकांना जोडलेली नाहीत. मी अर्थातच चुकीच्या स्टेशनावर उतरले आणि बॅग ओढत गाव ओलांडून गेले. ब्रॅडफर्ड २००९ मध्ये युनेस्कोचं पहिलं ‘चित्रपट नगर’ ठरलं. ले प्रिन्सचा कॅमेराही तिथल्याच संग्रहालयाकडे आहे. पण मला आवडला तो वर्ग. निम्म्याहून जास्त जणी पाकिस्तानी घरांतल्या. पैशांचा सीन दिला तर दुसऱ्याच ओळीत आईने मुलाच्या लग्नातला खर्च काढला. माहेरी आल्यासारखं वाटलं. तिथे मला लीड्सच्या नेमकं उलटं, थोडं झाकायला शिकवावं लागलं. म्हणून सांगते, ‘इंग्लंडमधले विद्यार्थी’ असं काही एकसंध धरून जाऊ नका. दर गावाला तासाभरात अंदाज घ्या आणि मग ठरवा.

नॉरिचमध्ये मंडळी वयस्कर, वाचलेली आणि अतिशय सभ्य. अभिप्रायाच्या फॉर्मवर तिघांनी ‘क्वाइट गुड’ लिहिलं म्हणून मी खुशीत भाचीला फोन केला. ती हसायलाच लागली. म्हणाली, “मावशी, इथे ‘क्वाइट गुड’ म्हणजे ठीकठाक.” असो.

होव्ह ब्राइटनला लागूनच, समुद्रावर. जेम्स विल्यमसन नावाचा औषधविक्रेता तिथे दुकान सांभाळत सिनेमे काढायचा. नंतर त्याने कॅमेरे बनवायचा धंदा केला. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला आले, जवळच्या वॉल्टनला सेसिल हेपवर्थ या सिनेनिर्मात्याचा स्टुडिओ पाहिला आणि परतताना विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. होव्हच्या वर्गात हे सांगितलं तर विल्यमसनचं नाव बहुतेकांना ठाऊक होतं, फाळक्यांचं कुणालाच नव्हतं. मूकपट म्हणजे संवादच नाहीत, त्यामुळे माझा मुद्दा तिथे आयताच पटला.

आता प्रवासाचं. ट्रेनची तिकिटं आधी काढलीत तर लंडन ते लीड्स पंचवीस-तीस पौंडांत बसू शकतं, ऐनवेळी काढलंत तर शंभराच्या वर जातं. स्वस्त ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट त्याच गाडीपुरतं असतं, म्हणून वर्ग संपायची वेळ आणि गाडीची वेळ यांत भरपूर फट ठेवा. सगळे संपल्यावर गप्पा मारतात. माझी साठी उलटलीये, त्यामुळे सीनियर रेलकार्डवर एक तृतीयांश सूट मिळाली. ते पासपोर्ट दाखवून आपल्यालाही काढता येतं. रविवारी शक्यतो गाव बदलू नका. रुळांची कामं त्या दिवशी काढतात आणि मधल्या टप्प्याला बस देतात. नॉरिचहून परतताना मला अशा बसने दोन तास जास्त लागले. त्यातून ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, घड्याळं एक तास मागे गेलेली. माझ्या मनगटावरचं घड्याळ तेवढं ठाण्याच्या शिस्तीचं.

व्हिसाचं नीट बघा. मी व्हिजिटर व्हिसावर गेले. त्यात निमंत्रणावरून केलेलं काही ठरावीक सशुल्क काम चालतं, पण ते निघण्याआधी ठरलेलं हवं, तुमच्या नेहमीच्या व्यवसायातलं हवं आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांत व्हायला हवं. कोणतंही शिकवणं त्यात बसतंच असं नाही, तेव्हा ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचे नियम वाचूनच निमंत्रणपत्राचा मजकूर मागा. माझी तारखांची ओढाताण झाली ती याच ३० दिवसांपायी.

वर्गात अकराचा चहा चुकवू नका. मी पहिल्या दिवशी रंगात येऊन साडेअकरापर्यंत बोलत राहिले. कुणी काही म्हणालं नाही, पण सगळ्यांची नजर किटलीवर.

आणि मार्कर स्वतःचे न्या. चारही ठिकाणी फळ्याजवळ ठेवलेले सुकलेले होते.